१४० वॅटची भाऊबंदकी

थंडी या विषयावर मराठी माणसाने फार अधिकारवाणीने बोलू नये असं माझं नम्र मत आहे. आपल्याकडे थंडी हा मुळात हौसेचा प्रकार. ती गुलाबी असते. ती हुरड्याला बोलावते, शेकोटी पेटवायला लावते, कपाटातली शाल बाहेर काढून मिरवायची संधी देते आणि संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवून सभ्यपणे निरोप घेते. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठले, की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो आणि पुण्याची मंडळी ते दवबिंदू पाहायला मोटारी काढतात. या वाक्यातली महत्त्वाची गोष्ट दवबिंदू ही नव्हे. 'मोटारी काढतात' ही आहे. म्हणजे किल्ली फिरवली की मोटार सुरू होणार, हे पुण्याचा माणूस सूर्य उगवण्याइतकंच गृहीत धरून चालतो!

मी राहतो कॅनडातल्या विनिपेग या गावी. इथल्या थंडीला रंगबिंग काही नाही. गावकऱ्यांनीच गावाचं 'विंटरपेग' असं दुसरं बारसं करून ठेवलंय. जानेवारीतली एखादी साधीसुधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी रात्र शून्याखाली वीस-बावीस अंशांची असते. २४ डिसेंबर १८७९ या दिवशी इथे शून्याखाली ४७.८ अंशांची नोंद झाली. 'पारा उतरला' असं इथे बिनधास्त म्हणायचीही सोय नाही, कारण शून्याखाली एकोणचाळीसच्या आसपास पारा स्वतःच गोठतो. आणखी एक अंश खाली गेलं की सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन पंडितांचं एकमत होतं. उणे चाळीस म्हणजे दोन्हीकडे उणे चाळीस. जन्मभर न पटलेली दोन माणसं ज्या ठिकाणी एका सुरात बोलतात, ते ठिकाण स्मशानच असायचं.

अशा थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीचं काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे टायर जिथे जमिनीला टेकलेले असतात तिथे चपटे होऊन तसेच आखडतात, आणि पहिले काही फर्लांग मोटार बैलगाडीसारखी धपधप करत चालते. सीट शाळेतल्या बाकासारखी कडक होते. पण हे झालं वरवरचं. खरा घोटाळा बॉनेटखाली असतो. तिथलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, आणि ती काकवी ढवळत इंजिन फिरवायचं ज्या बॅटरीने, तिचं बळ उणे अठरालाच निम्म्यावर आलेलं असतं. बैल अर्धा आणि ओझं दुप्पट. अशा वेळी किल्ली फिरवली की मोटार जो आवाज काढते, तो आमच्या वाईच्या घरी पहाटे उठवल्यावर मी काढत असे त्याच जातीचा असतो.

आमचा रोजचा प्रवास किती, तर चार किलोमीटर. हिची पाळी पहाटे साडेसहाला एका वृद्धाश्रमात सुरू होते. तिला तिथे सोडायचं आणि परत यायचं. हे ऐकून पुण्याच्या काकांनी फोनवर ताबडतोब निकाल दिला, "चार किलोमीटर? अरे, चालत जा की! आम्ही रोज पर्वती चढतो." काकांची पर्वती मला मान्य आहे. पण उणे तिसात, अंधारात, वारा तोंडावर घेत पाऊण तास चाललं, तर नाकाचा शेंडा आश्रमात पोचायच्या आत आपला राहत नाही. आणि आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना सकाळचं औषध साडेसहालाच लागतं. ती काही 'थंडी ओसरली की या' असं म्हणत नाहीत.

शिवाय हे चार किलोमीटर इंजिनाला चारशे किलोमीटरपेक्षा जड जातात. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात इंजिन चांगलं तापतं आणि ते पाणी वाफ होऊन निघून जातं. चार किलोमीटरमध्ये इंजिन तापायच्या आतच आपण पोचतो, आणि ते पाणी तेलात मुक्कामाला राहतं. तेलाचं झाकण उघडावं तर आत लोण्यासारखं पिवळट काहीतरी जमलेलं. घरी ताक घुसळून लोणी काढायचं आता बंद झालं, ते मोटारीने सुरू ठेवलंय इतकंच.

म्हणून इथल्या मोटारींना शेपूट असतं. तोंडाकडे असतं ते, पण शेपूटच. पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीचं एक टोक लोंबत असतं. इंजिनात पाणी तापवणारा चारशे-पाचशे वॅटचा हीटर असतो, त्याची ही वायर. रात्री मोटार लावायची आणि शेपूट खांबावरच्या प्लगात खोचायचं. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने ते पाहिलं की डोळे मोठे करून विचारतो, "अरे वा! इलेक्ट्रिक का रे?" मग त्याला सांगावं लागतं, की बाबा, मोटार पेट्रोलवरच चालते. वीज लागते ती तिला झोपेतून उठवायला.

ही कल्पना इथून दक्षिणेला अडीच तासांवर, अमेरिकेच्या हद्दीतल्या ग्रँड फोर्क्स गावात रुजली. अँड्र्यू फ्रीमन नावाचे गृहस्थ तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांनी इंजिनाचा एक बोल्ट काढून त्याच्या जागी आतून तापणारा बोल्ट बसवला आणि १९४९ साली त्याचं पेटंट घेतलं. महाराष्ट्रात सहकारातून साखर निघाली, तिकडे उबदार बोल्ट निघाला. त्याही आधी उत्तर कॅनडातले वैमानिक रात्री विमान उतरलं की इंजिनातलं तेल डब्यात काढून घरात शेगडीपाशी ठेवत. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून त्याखाली स्टोव्ह पेटवत, आणि मग कोमट तेल पुन्हा आत ओतत. बाळंतिणीची खोली आणि विमानाचं इंजिन यांत शेक-शेगडीचा एवढा सारखेपणा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा, म्हणजे वाटणी. माझी मोटार जुनी. तिचे आधीचे मालक व्हँकुव्हरहून आलेले. व्हँकुव्हरला पाऊस फार, थंडी बेताची, त्यामुळे मोटारीला शेपूट नव्हतं. ते बसवून घेता आलं असतं, पण खोचायचं कुठे? आमच्या इमारतीच्या वाहनतळावर दोन मोटारींत मिळून एक खांब. खांबावर प्लग दोन, पण वरचा फ्यूज एकच. पंधरा अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट. त्यातही जी गोष्ट तासन्‌तास चालणार तिने ऐंशी टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम. म्हणजे हाती राहिले १४४० वॅट.

खांबाचे दुसरे हिस्सेदार म्हणजे शेजारचे आजोबा. युक्रेनी वंशाचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे, मिशा टिळकांच्या. त्यांच्या इंजिनाचा हीटर ४०० वॅटचा. शिवाय मोटारीच्या आत, सीटपाशी, हवा गरम करणारा एक पंखा ९०० वॅटचा. बेरीज १३००. मला उरले १४० वॅट. एवढ्यात धड इस्त्रीही तापत नाही.

भाऊबंदकी ही आपल्या रक्तात आहे. बांधावरच्या एका बोरीसाठी तीन पिढ्या कोर्टात गेलेलं घराणं माझं. मी मनात फिर्याद तयार करूनच आजोबांकडे गेलो. निम्मे निम्मे, ७२० तुमचे, ७२० माझे. आजींनी चहा दिला. बोलता बोलता कळलं, की त्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा पहाटे सहाला आजोबा त्यांना डायलिसिसला नेतात. "इंजिन कसंही सुरू होईल," आजोबा म्हणाले, "पण हिला त्या गार सीटवर बसवायचं मला होत नाही." मी चहा संपवला, फिर्याद खिशातच ठेवली आणि १४० वॅट घेऊन घरी आलो.

आता प्रश्न असा, की १४० वॅटमध्ये काय होतं? उत्तर आमच्या स्वयंपाकघरातच होतं. थंड देशात राहणाऱ्या तमाम मराठी बायका इडलीचं पीठ रात्री ओव्हनमध्ये ठेवतात. ओव्हन लावायचा नाही, आतला दिवा फक्त लावायचा. दिवा ४० वॅटचा, पण दार बंद असल्यामुळे सकाळी पीठ पातेल्याचं झाकण डोक्यावर घेऊन उभं असतं. बाहेर हिमालय, आत मद्रास! मी हिला म्हटलं, "इंजिन म्हणजे तरी काय? मोठं पातेलं. बॉनेटखाली शंभर वॅटचा दिवा लावला तर?"

ही म्हणाली, "इडलीच्या पिठातून पेट्रोलच्या वाफा येत नाहीत."

हा युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय दिवाही मिळायला हवा. तारेचे जुने दिवे २०१४ पासून कॅनडाच्या दुकानांतून हद्दपार व्हायला लागले. हल्लीचे एलईडी दिवे इतके हुशार, की उजेड देतात आणि जेमतेम कोमट होतात. दुकानदाराला "वाया जाणारी वीज हवी आहे, उजेड नको" असं सांगणं मला प्रशस्त वाटेना.

शेवटी मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात एक रबरी चकती मिळाली. तळहाताएवढी, सिलिकोनची, १२५ वॅटची. लहान इंजिनांच्या तेलाच्या टाकीला खालून चिकटवायची म्हणून ती करतात. ज्वाळा नाही, काच नाही, ठिणगी नाही. हिशेबात अजून १५ वॅट शिल्लक होते. ते सोडून द्यायला मी काही कोकणातला इनामदार नव्हे. त्यात बॅटरीला रात्रभर थेंब थेंब वीज पाजणारा एक छोटा चार्जर बसला. १२५ अधिक १५, एकूण १४०. ताळेबंद जुळला. चकतीचा गोंद थंडीत धरत नाही, म्हणून एका मराठी स्नेह्यांच्या तापवलेल्या गॅरेजात, दोन डझन थालीपिठांच्या मोबदल्यात, मोटारीखाली उताणं पडून ती चिकटवली. वायर उघड्यावर चालणारी, जाड आणि अर्थिंगची घेतली. काटकसर वॅटमध्ये करावी, वायरीत करू नये.

कागदावर हे प्रकरण फार सुंदर दिसत होतं. १२५ वॅट म्हणजे तासाला साडेचारशे किलोज्यूल. माझ्या इंजिनाच्या वजनाला तेवढ्यात चार-साडेचार अंशांची वाढ. रात्रीच्या दहा तासांत चाळीसएक अंश! म्हणजे बाहेर उणे सत्तावीस असताना आत वसंत ऋतू. मात्र या हिशेबात एक 'जर' आहे. मिळालेली उष्णता कुठे गेली नाही तर. आणि मिळालेलं कुठेच जात नाही असं ना पगाराच्या बाबतीत घडतं, ना उष्णतेच्या. ही वरून बॉनेटच्या पत्र्यातून जाते, पुढून जाळीतून जाते, खालून वाऱ्यावर जाते. स्वयंपाकघरातला लांब दांडीचा तापमापक तेलाच्या नळीतून आत सोडून पाहिला. बाहेर उणे सत्तावीस, तेल उणे पंधरा. बारा अंश पदरात, बाकीचे गावाला दान.

म्हणजे प्रश्न उष्णता किती देता हा नव्हताच. दिलेली राहते किती, हा होता. आणि हा प्रश्न आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला आहे.

माझ्या आईने शिवलेली एक गोधडी आमच्या कपाटात होती. आजीची दोन लुगडी, आईच्या तीन साड्या आणि वडिलांचं एक धोतर एकावर एक घालून, बारीक धावदोऱ्याने चहूबाजूंनी शिवत मध्यापर्यंत आणलेली. विनिपेगला निघताना आईने ती बॅगेत कोंबली होती. "थंडी असते म्हणतात ना तिकडे!" तिला कसं सांगणार, की इथे थंडी घराबाहेर असते. घरात बाराही महिने एकवीस अंश, माणसं डिसेंबरात बनियनवर बसतात. गोधडी एकदाही अंगावर घ्यायची वेळ आली नव्हती. ती कपाटात घडी घातलेली होती आणि दार उघडलं की वाईच्या माळ्याचा वास यायचा.

"आईंची गोधडी? मोटारीवर?" ही म्हणाली. त्या स्वरात सगळं सासर-माहेर एकवटलं होतं.

मी म्हटलं, आईलाच विचारू. रविवारी व्हिडिओवर आईला सगळं सांगितलं. चकती, वॅट, आजोबा, तेलाची काकवी. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मोटार सुरू झाली नाही तर ती म्हातारी माणसं औषधावाचून राहतात का?"

"उशीर होतो गं."

"मग घाल. मी काय ती कपाटाला थंडी वाजेल म्हणून शिवली होती?"

हिने मुकाट्याने गोधडीच्या चार कोपऱ्यांना चार बंद शिवले. पुढच्या जाळीपुढे हापूसच्या रसाच्या डब्यांचा पुठ्ठा उभा केला. रात्री बॉनेटवर गोधडी पसरून बंद आवळले, आणि मॅनिटोबातल्या त्या बर्फात एक जपानी मोटार नऊवारी पांघरून झोपी गेली.

सकाळी बाहेर तेच उणे सत्तावीस. तेल उणे सहा. तेच १२५ वॅट, नऊ अंश जास्त. हे नऊ अंश आजीच्या लुगड्यांचे. त्या लुगड्यांत गरम असं काहीच नव्हतं. त्यांच्या थराथरांत हवा अडकून बसली होती, आणि ती उष्णतेला 'कुठे निघालीस एवढ्या थंडीत?' म्हणून उंबऱ्यातच अडवत होती. मी गोधडी उतरवली, पुठ्ठा काढला, शेपूट सोडवलं (हा क्रम आमच्याकडे आता आरतीसारखा पाठ आहे, कारण चालत्या इंजिनावर पांघरूण राहता कामा नये) आणि किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि लागलं. ही साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना आश्रमाच्या दारात होती. त्यानंतर त्या हिवाळ्यात तिला एकदाही उशीर झाला नाही. उणे छत्तीस झालं त्या दिवशीही.

त्या उणे छत्तीसच्या सकाळीच आजोबा खांबापाशी आले. रोज पहाटे हा माणूस मोटारीवरून गालिचा काढतो हे ते बरेच दिवस पाहत होते. त्यांनी हातमोजा काढून, एवढ्या थंडीत, गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "हाताने शिवलंय?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, त्यांची आजी पिसांची दुलई शिवायची. मी त्यांना वॅट, पुठ्ठा, नऊ अंश असा सगळा हिशेब दिला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एक जाड जुनी रजई त्यांच्या बॉनेटवर टाकली, हीटरला घड्याळ लावलं आणि माझ्या दाराशी आले. "आता मला शेवटचे तीन तास पुरतात. रात्री दोनपर्यंत माझे चारशे वॅट तुमचे."

मी म्हटलं, "मला नकोत, माझं १४० मध्ये भागतंय."

"नाही, तुम्ही घ्या."

"छे छे, राहू देत तुम्हालाच."

बोरीच्या झाडासाठी तीन पिढ्या भांडलेल्या माझ्या पूर्वजांनी हा संवाद ऐकला असता तर त्यांनी मला कुळातून काढून टाकलं असतं.

आजोबा तरीही दारातच घुटमळत होते. मग म्हणाले, "एक विचारू? तसली एक आणखी मिळेल का? मी पैसे देईन."

मी रविवारी आईला सांगितलं, "आई, आजोबांनाही गोधडी हवी आहे." आई खुलली. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, तो शेजारची मुलगी ओवून देते, पण टाका अजून सरळ पडतो. लगेच कागद-पेन्सिल घेऊन म्हणाली, "सांग, त्यांच्या मोटारीचं माप सांग. बंद मीच लावीन, सूनबाईचे एका बाजूला आखूड झालेत."

"मोटारीसाठी नाही गं," मी म्हटलं. "आजींसाठी. ते डायलिसिस चार-चार तास चालतं. रक्त अंगाबाहेर फिरून येतं ना, तेवढा वेळ त्यांना थंडी वाजत राहते. दवाखान्यातलं पांघरूण पुरत नाही म्हणतात."

आई जरा वेळ काही बोलली नाही. पेन्सिलने कागदावरचं काहीतरी खोडलं.

"मग मऊ लुगडं काढायला हवं," ती म्हणाली. "उंची विचार त्यांची. आणि रंग कुठला आवडतो तेही विचार."